वजन माहीत नाही

हॅलोताईंना आयुष्यात एकच गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे शंका घेणं.

घरसामान हलवणाऱ्या कंपनीच्या टेलिफोनवर त्यांनी अर्धा जन्म काढला, म्हणून मालकीणबाईंपासून हमालांपर्यंत सगळे त्यांना हॅलोताई म्हणत. समोरच्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं सामान किती, गाडी कोणती आणि जिना अरुंद असणार की रुंद, हे त्या सांगून मोकळ्या होत. एकदा एका गृहस्थानं चुकून नंबर लावला. त्याला खरं तर दाताचा डॉक्टर हवा होता. महिनाभरात त्यानं घर बदललं.

ऑफिस तळमजल्यावर होतं. पुढे दोन टेबलं आणि एक करकरणारं कपाट, मागे गोदाम. मधल्या चौकटीला दारच नव्हतं, त्यामुळे पुठ्ठ्याचा, सुतळीचा आणि जाड कांबळ्यांचा वास थेट टेलिफोनपर्यंत येऊन बसलेला असायचा.

एके दिवशी मालकीणबाईंनी बंद पडणाऱ्या कुठल्याशा कंपनीकडून सहा टॅब्लेट स्वस्तात उचलून आणले. स्वस्त होते म्हणून आणले. त्यांचं करायचं काय, हा प्रश्न आणल्यावर पडला.

"यावर आपल्या कामाचा प्रोग्रॅम लिहिता येईल," हॅलोताई म्हणाल्या.

"कोण लिहिणार?"

"मी."

तोपर्यंत त्यांनी लिहिलेलं म्हणजे फार तर पत्ते. पण त्या टॅब्लेटसाठी स्विफ्ट नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितात हे त्यांनी शोधून काढलं आणि शिकायला बसल्या. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात स्विफ्ट शिकवणारे मास्तर. मास्तर व्हिडिओतले असल्यामुळे त्यांना मधेच थांबवून सुनावता यायचं आणि ते उलट बोलायचे नाहीत. हॅलोताईंना असा शिक्षक जन्मात मिळाला नव्हता.

घरी त्यांचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काम करणारे शांत गृहस्थ, पडद्यावरच्या ओळींकडे बघून विचारायचे, "कळतंय का काही?"

"कळत नसतं तर मी अशी निवांत बसले असते का?"

"तू कळत नसतानाही निवांतच असतेस," ते म्हणायचे आणि भिंग पुसायला घ्यायचे.

वर्ष सरता सरता प्रोग्रॅम उभा राहिला. काम असं होतं: कंपनीचा पाहणीवाला आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन प्रत्येक वस्तू टॅब्लेटवर नोंदवायचा. नाव, खोली, वजन. मग हॅलोताईंचा प्रोग्रॅम ती सगळी यादी दोन चाळण्यांतून काढायचा. जड वस्तू चार हमालांच्या टोळीकडे, हलक्या एकेकट्याकडे. स्विफ्टमध्ये अशा चाळणीला फिल्टर म्हणतात. हॅलोताईंनी फिल्टर लिहिलं त्या दिवशी घरात पीठ चाळतानासुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर व्यावसायिक भाव होता.

गोम होती ती वजनात. वजन प्रत्येक वेळी कळेलच असं नसतं. कपाटाला कुलूप असतं, खोलीत कोणी झोपलेलं असतं, नाही तर पाहणीवाल्याला जिना चढायचा कंटाळा असतो. म्हणून वजनाचा रकाना रिकामा ठेवायची मुभा होती. अशा रकान्याला स्विफ्ट ऑप्शनल म्हणते. तो झाकण लावलेल्या डब्यासारखा: आत आकडा असेल, नाही तर काहीच नसेल. त्या काहीच नसण्याला नाव आहे निल. डबा उघडायच्या आधी आत काय आहे ते बघा, असं स्विफ्ट दर वेळी बजावते. आणि ज्याला बघायचं नसेल त्याच्यासाठी एक पळवाटही ठेवते: डब्यावर उद्गारचिन्ह मारायचं. म्हणजे, आत आकडा आहेच, मी सांगते ना, उघड.

ही पळवाट जणू हॅलोताईंसाठीच काढली होती. त्यांनी सगळीकडे उद्गारचिन्हं मारली.

पहिल्याच मोठ्या कामावर, भर रस्त्यात, गिऱ्हाइकाच्या दारात गाडी उभी असताना, एका कपाटाचं वजन रिकामं निघालं आणि प्रोग्रॅम आडवा झाला. मुकादमाचा फोन आला. मुकादम म्हणजे हमालांचा म्होरक्या; टॅब्लेटला तो पाटी म्हणायचा.

"ताई, पाटी झोपली."

"उठवा."

"उठवली. पुन्हा झोपली. तुमच्यावर गेलीय म्हणावं, तर तुम्ही झोपत नाही."

हॅलोताईंनी दुपारच्या आत दुरुस्ती केली. स्विफ्टमध्ये दोन प्रश्नचिन्हं लावून सांगता येतं की डबा रिकामा निघाला तर अमुक आकडा धर. त्यांनी शून्य धरायला सांगितलं. काहीच लिहिलेलं नाही म्हणजे शून्य, यात शंका घेण्यासारखं काय आहे? प्रोग्रॅम पुन्हा कधी आडवा झाला नाही. हॅलोताईंनी हमालांना गोदामात उभं करून छोटंसं भाषण दिलं, त्याचा सारांश असा की आता पाटी सांगेल तेच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

हमालांनी शब्द पाळला. पुढच्याच आठवड्यात टोळीतल्या सगळ्यात किडकिडीत हमालाचा, ज्याला सगळे काडी म्हणत, तिसऱ्या मजल्यावरून फोन आला.

"ताई, इथे एक लोखंडी तिजोरी आहे. पाटी म्हणते वजन शून्य, एका माणसानं न्यायची. तो माणूस मी."

"मग?"

"मग काही नाही. मी तिला म्हटलं, बाई, तू शून्याची आहेस, उठ. ती ऐकत नाही. जोर लावू का तुमच्या शब्दाखातर?"

"हात लावू नका," हॅलोताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच किंचित खरखर होती. काडीची पाठ आधीच एकदा दुखावलेली होती, हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं.

मग दुसरी दुरुस्ती. व्हिडिओतल्या मास्तरांनी एक सुबक युक्ती शिकवली होती: रिकामे डबे आधीच बाजूला टाकून द्यायचे आणि ज्यांत आकडा आहे तेवढेच पुढे न्यायचे. एका ओळीत काम. पाटी झोपत नव्हती, तिजोरी शून्याची होत नव्हती. हॅलोताई पुन्हा पूर्ववत फुलल्या.

त्या शनिवारी दुपारी एका नव्या घरातून गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. बाईंचा आवाज अगदी सभ्य होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. सगळं सामान पोचलं होतं. नव्वदीच्या सासऱ्यांचा पलंग तेवढा नव्हता. पाहणीच्या वेळी सासरे पलंगावर झोपलेले असल्यामुळे त्याचं वजन नोंदलेलं नव्हतं. जडांच्या यादीत तो नव्हता, हलक्यांच्या यादीत नव्हता, म्हणून कोणी उचलला नव्हता. आणि पाटी सांगेल तेच करायचं असा हुकूम असल्यामुळे चार हमाल त्याला वळसा घालून बाकीचं सामान घेऊन निघून गेले होते. सासरे नव्या घरात पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून सगळ्यांना सांगत होते की मला न्यायला विसरले नाहीत हेच खूप झालं.

मालकीणबाई हॅलोताईंच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडत नसत. त्या उभ्या राहत.

"वजनाचा रकाना सक्तीचा करा," त्या म्हणाल्या. "भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं. रिकामंच नको, म्हणजे भानगड नको."

"बघते."

"बघू नका, करा. पुढच्या शनिवारी नाटक मंडळीचं सगळं भांडार हलवायचंय. तिथे एक वस्तू जरी मागे राहिली किंवा एका माणसाची पाठ जरी मोडली, तर पाट्या गोदामात आणि तुम्ही पुन्हा फक्त फोनवर."

हॅलोताईंना फोनचा राग नव्हता. पण प्रोग्रॅम लिहायला लागल्यापासून त्यांना पहिल्यांदा असं वाटत होतं की आपण दुसऱ्याचं सामान मोजत नाही, काहीतरी आपलं बांधतोय. ते काढून घेतलं जाणार म्हटल्यावर त्या ताट बाजूला सारून टॅब्लेट उघडून बसल्या. यजमानांनी आमटी दोनदा गरम केली.

आता, त्याच आठवड्यात घरात एक वेगळीच कथा चालू होती. धाकट्या नणंदेनं आपल्या आईला, म्हणजे हॅलोताईंच्या सासूबाईंना, काही दिवस राहायला बोलावलं होतं. बुधवारी जेवताना यजमानांनी विचारलं, "आई, जाणार का?" सासूबाई पत्त्यांचा एकटीनं खेळायचा डाव मनातल्या मनात मांडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. विषय तिथेच राहिला.

रविवारी सकाळी सासूबाई बाहेरच्या खोलीत आल्या तर त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली, आणि फोनवर मुलगी रुसलेली, की तू येणार नाहीस असं दादानं कळवलं.

"हे काय चाललंय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी तयारी केली," हॅलोताई म्हणाल्या. "मौन म्हणजे संमती."

"आणि मला वाटलं, बोलली नाही म्हणजे नाही," यजमान म्हणाले.

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "मी काय म्हणाले होते?"

"काहीच नाही."

"मग ह्याला त्यातून नाही कुठून ऐकू आलं, आणि तुला हो कुठून? मी ठरवलं नव्हतं. गप्प होते म्हणजे गप्प होते. पुन्हा एकदा विचारायला जीभ झिजत होती का दोघांची?"

हॅलोताई पिशवीचा बंद हातात धरून उभ्या राहिल्या. सुनेला सासूचं बोलणं मनाला लागतं हे जगजाहीर आहे, पण इतक्या आनंदानं लागल्याचं उदाहरण विरळा. रिकाम्याचा शून्य करायचा नाही, रिकामं आहे म्हणून फेकूनही द्यायचं नाही. रिकाम्याला रिकामं म्हणायचं, त्याची वेगळी रांग लावायची, आणि जाऊन विचारायचं.

"आई, जाणार का?" त्यांनी तिथल्या तिथे विचारलं.

"आता विचारलंस ना नीट. जाते. पण गुरुवारी. आणि ती पिशवी उपस, त्यात माझी नको ती पातळं भरलीस."

सोमवारी हॅलोताई ऑफिसात आल्या त्या ठरवूनच. मालकीणबाईंच्या समोर खुर्ची ओढली.

"रकाना सक्तीचा करणार नाही."

"मी सांगितलं होतं."

"होय. पण सक्ती केली की माणूस आकडा लिहितो. माहीत असो नसो. आणि खोटा आकडा रिकाम्यापेक्षा वाईट. रिकामं निदान दिसतं तरी. मला तीन याद्या करू द्या."

"आणि चुकलं तर?"

"तर तुम्ही म्हणालात तसं."

मालकीणबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मग "ठीक" म्हणाल्या, तो ठीक काही फार ठीक नव्हता.

हॅलोताईंनी सगळी उद्गारचिन्हं वेचून काढली, तांदळातले खडे काढावेत तशी. जडांच्या चाळणीच्या तोंडाशी त्यांनी आधी एक पहारा बसवला: आकडा असेल तरच आत ये, नसेल तर मागे फिर. हलक्यांच्या चाळणीला तोच पहारा. आणि दोन्हीकडून मागे फिरलेल्यांसाठी तिसरी चाळण, जी फक्त निल असलेल्यांनाच घेते. तिचं नाव त्यांनी ठेवलं, विचारा. वर एक अट: तिन्ही याद्यांची बेरीज मूळ यादीएवढी भरली पाहिजे, आणि 'विचारा'मधल्या प्रत्येकाला उत्तर मिळाल्याखेरीज पाटी गाडी सुटू द्यायची नाही.

खरी लढाई मात्र पुढेच होती. कंपनीच्या पाहणीवाल्याला सगळे अंदाजपंचे म्हणायचे. डोळ्यानं वजन सांगण्यात आपला हात कोणी धरणार नाही, ही त्याची उभ्या जन्माची मिरास होती. तो नाटकाच्या भांडाराची पाहणी करून आला तो प्रत्येक रकाना ठासून भरूनच. हॅलोताईंनी यादी बघितली.

"हा डोंगरातला खडक. तुम्ही लिहिलंय दोनशे किलो. उचलून बघितला?"

"खडक उचलून बघायचा असतो का? दिसतो की."

"नाटकातला खडक आहे, दादा. भांडारवाल्याला विचारलं?"

"त्याला विचारायचं म्हणजे मला येत नाही असं जगाला सांगायचं."

"जगाला नाही, पाटीला सांगायचं. पाटी कुणाला बोलत नाही."

"तुम्ही बोलता ना."

हे खरं होतं. हॅलोताईंनी आपली खुर्ची त्याच्याजवळ सरकवली. "बोलणार नाही. उलट सांगते, तुमचा एक आकडा खोटा निघाला आणि काडीची पाठ गेली, तर मला झोप लागणार नाही, आणि तुम्हालाही. शून्य मी धरलं होतं, आठवतंय? माझ्याइतकी खात्री तर तुम्हाला नाही ना?"

अंदाजपंचेला एवढी खात्री अर्थातच नव्हती, कुणालाच नव्हती. तो पुन्हा भांडारात गेला. जिथे भांडारवाल्याला वजन पक्कं ठाऊक होतं तिथे लिहिलं. जिथे नव्हतं तिथे त्यानं आपला आकडा एका बोटानं पुसला आणि रकाना मोकळा सोडला. यायला त्याला बराच वेळ लागला, आणि आल्यावर तो म्हणाला, "जमिनीवर ठेवलेलं एवढं सामान मी पहिल्यांदाच वाकून बघितलं."

शनिवार उजाडला. नाटक मंडळीचं भांडार म्हणजे एक उंच, लांब, धुळकट खोली. पुठ्ठ्याचे राजवाडे, लाकडी तोफा, पाठीवर पडलेलं एक सिंहासन. हॅलोताई स्वतः आल्या होत्या, आणि मालकीणबाई दाराशी उभ्या होत्या.

पहिला आला तो खडक. सवयीनं चार हमाल त्याच्याभोवती गुडघे वाकवून बसले.

"पाटी म्हणते एक माणूस," मुकादम म्हणाला.

"तिजोरीलाही असंच म्हणाली होती," काडी म्हणाला.

"ते शून्य मी धरलं होतं. हा आकडा भांडारवाल्यानं सांगितलाय," हॅलोताई म्हणाल्या. "तुम्ही हलवून बघा, मग उचला."

काडीनं एका बोटानं ढकलला, खडक सरकला. मग त्यानं तो डोक्यावर घेतला आणि रस्त्यावरून गाडीपर्यंत गेला. समोरच्या पानाच्या टपरीवरची मंडळी उठून उभी राहिली. काडीनं त्यांना मान झुकवून नमस्कारसुद्धा केला. असा मोका त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

त्यानंतर एक लहानशी पत्र्याची पेटी. दोन वीत लांब, निरुपद्रवी, 'विचारा'च्या यादीत. अंदाजपंचे मुकाट्यानं बघत होता, कारण याच पेटीचे त्यानं आधी पाच किलो लिहिले होते. मुकादमानं तिला गुडघ्यानं लोटलं. पेटी हलली नाही. त्यानं झाकण उघडलं. आत पडद्यांना वजन लावायच्या शिशाच्या लगडी काठोकाठ होत्या.

"ही चौघांची," मुकादम म्हणाला आणि पाटीवर तसं लिहिलं. पेटी 'विचारा'तून निघून जडांत गेली. अंदाजपंचेनं घाम पुसला. हॅलोताईंनी वचन दिल्याप्रमाणे एक शब्द उच्चारला नाही, पण त्यासाठी त्यांना जीभ दाताखाली धरावी लागली.

दुपार कलली. सिंहासन गेलं, तोफा गेल्या, राजवाडे घड्या होऊन गेले. खोली रिकामी झाली, नुसती धुळीतली चौकोनी ठिगळं उरली. मुकादमानं हात झटकले.

"दार लावा गाडीचं."

"पाटी सोडत नाही," हॅलोताई म्हणाल्या. "विचारामध्ये अजून एक आहे."

"कोण?"

"चंद्र."

सगळ्यांनी खोलीभर नजर फिरवली. मुकादम कोपऱ्यात जाऊन आला. मालकीणबाई पहिल्यांदाच दारातून आत आल्या. "इथे काही नाही, हॅलोताई. तुमची यादीच चुकली असेल."

"यादी बरोबर आहे. अंदाजपंचेदादांनी नोंदलाय. दादा, कुठे आहे चंद्र?"

अंदाजपंचेनं बोट वर केलं. छताजवळच्या अंधारात, वाशाला दोरीनं टांगलेला, एक भला मोठा गोल होता. "हात पोचत नव्हता," तो म्हणाला. "पुठ्ठ्याचा की पत्र्याचा कळेना. म्हणून मोकळं सोडलं. खरं सांगायचं तर माहीत नव्हतं."

भांडारवाला कपाळाला हात लावून उभा राहिला. उद्या नव्या जागेत पहिला प्रयोग होता आणि दुसरा अंक सगळा चांदण्यातच होता. शिडी आली. मुकादमानं गाठ सोडली, दोरी हातात घेताच तो ओरडला, "जड आहे, आणखी दोघं या." चंद्र लाकडाचा निघाला, वरून पत्रा मढवलेला. तिघांनी मिळून तो अलगद खाली उतरवला. मुकादमानं पाटीवर त्याला जडांत घातलं, 'विचारा'ची यादी कोरी झाली, बेरीज जुळली, आणि पाटीनं गाडी सोडली.

कोणाची पाठ मोडली नव्हती. भांडारात धुळीखेरीज काही मागे राहिलं नव्हतं.

मालकीणबाई रिकाम्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. वर बघितलं, खाली बघितलं.

"सोमवारपासून फोनला दुसरं कोणीतरी ठेवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही प्रोग्रॅमचंच बघा. बसायला जागा करून देते."

"खिडकीजवळची हवी," हॅलोताई म्हणाल्या.

"खिडकीजवळ माझं टेबल आहे."

"हो, तेच."